हाती लागलेलं साल

या पुस्तकात २०२४ सालात आवडलेली पुस्तकं आणि गाणी आहेत. पण त्यातलं एकही पुस्तक त्या साली छापलेलं नाही, आणि निम्म्या गाण्यांवर साल घालताच येत नाही, कारण ती कुणी रचली, कधी रचली याची नोंद नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा घोटाळा वाटेल. वर्षातली आवडती पुस्तकं म्हणजे त्या वर्षी बाजारात आलेल्यांपैकी आवडलेली, असा आपला समज रविवारच्या पुरवण्यांनी पक्का करून ठेवला आहे. खापरला तो टिकत नाही. अक्कलकुव्याच्या पुढे, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, गुजरातच्या सीमेजवळचं हे बाजाराचं गाव. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं इथे मीठ-मिरचीला, बी-बियाण्याला आणि मोबाइलच्या दुरुस्तीला उतरतात. इथे पुस्तक येतं ते उशिरा, बहुतेक वेळा वापरलेलं, कुणाच्या तरी पिशवीतून. गाण्याला मात्र तोटा नाही.

लेखिका याच भागातल्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवतात. माहेर अमळनेरकडचं, घरात अहिराणी. वर्गातल्या मुलींच्या घरी देहवाली भिली, दुकानात गुजराती, फोनवर हिंदी आणि फळ्यावर मराठी. त्यांनी वर्षभर एक वही ठेवली. वहीतले रकाने मी पाहिले आहेत : काय वाचलं किंवा ऐकलं, कुठून आलं, कुणी दिलं, किती दिवस राहिलं. शेवटचा रकाना 'पुन्हा मागितलं का?' असा. आवडीची व्याख्या करण्याच्या फंदात त्या पडलेल्या नाहीत, पण त्या शेवटच्या रकान्यात ती झालेली आहे. या पुस्तकात जे आलं आहे ते पुन्हा मागितलं गेलेलं आहे, कधी त्यांनी स्वतः, कधी मुलींनी.

असल्या नोंदींना मराठीत मोठा वंश आहे, आणि नव्या वाचकाला तो ठाऊक असलेला बरा. याद्यांची सुरुवात आवडीतून झाली नाही, कायद्यातून झाली. १८६७ च्या छापखाने व ग्रंथनोंदणीच्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारात होऊ लागली आणि दर तिमाहीला याद्या निघू लागल्या. त्याच साली 'विविधज्ञानविस्तार' सुरू झालं. तिथे पुस्तकाची नुसती नोंद न होता परीक्षा होऊ लागली. पुढे १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने परीक्षणाला धार आणली. ती धार कधीकधी पुस्तकापेक्षा लेखकालाच जास्त लागे, हा भाग वेगळा. या घराण्याचा बाणा न्यायाधीशाचा. पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवायचं, आणि निकाल द्यायचा तो सगळ्यांच्या वतीने.

दुसरं घराणं बाजाराच्या जवळचं, आणि ते वाईट नव्हे. जानेवारी १९६४ मध्ये मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी 'ललित' काढलं ते ग्रंथप्रसारासाठी. नव्या पुस्तकांच्या वार्ता, लेखकांच्या मुलाखती, चोखंदळ वाचकांना त्यांची निवड विचारण्याची प्रथा, आणि या सगळ्याची गंमत करणारा जयवंत दळवींचा ठणठणपाळ. तालुक्याच्या गावच्या ग्रंथपालाला यंदा काय मागवायचं हे सांगणारं दुसरं साधन फारसं नव्हतं. मराठी वाचकाला 'यंदाची पुस्तकं' असा विचार करायची सवय लावली ती बरीचशी 'ललित'ने.

तिसरं घराणं वाचणाऱ्याचं. तिथे निकाल नाही, हिशेबही नाही. एक माणूस वाचतो आणि वाचता वाचता काय झालं ते सांगतो. गोविंदराव तळवलकरांचं 'वाचता वाचता' यातलंच, पण त्यांच्या टेबलावर लंडन-न्यूयॉर्कची पुस्तकं ताजी येऊन पडत. आपल्यापैकी बहुतेकांचं टेबल तसं नसतं. म्हणून मला या वंशातला खरा मूळपुरुष सतीश काळसेकर वाटतात. 'आपलं वाङ्मय वृत्त'मधलं त्यांचं सदर 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या नावाने पुस्तक होऊन आलं आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादमी मिळाली. वाचनाच्या नोंदवहीला देशातला मोठा साहित्यपुरस्कार मिळतो, ही गोष्ट पुरेशी नवलाची आहे; आपण तिचं नवल फारसं केलं नाही. काळसेकरांच्या लिहिण्यात पुस्तक एकटं येत नाही. ते देणारा मित्र, ते सापडलेलं दुकान, ते वाचलं तो प्रवास, हे सगळं बरोबर येतं. खापरच्या या वहीतला 'कुणी दिलं' हा रकाना त्या वळणाचा आहे, मग लेखिकेने काळसेकर वाचलेले असोत वा नसोत. (वाचलेले आहेत. जिल्ह्याच्या गावच्या वाचनालयातून आणलेली प्रत, मागची चार पानं गायब.)

गाण्याच्या बाजूला हीच घराणी थोड्या वेगळ्या रूपात दिसतात. केशवराव भोळ्यांनी 'एकलव्य' या नावाने गायकांवर लिहिलं, वामनराव देशपांड्यांनी १९६१ साली 'घरंदाज गायकी' दिली. ही जाणकारांची वाट. माधव मोहोळकरांचं 'गीतयात्री' आणि शिरीष कणेकरांचं 'गाये चला जा' ही वेड्या श्रोत्यांची वाट. आणि या दोन्हींपेक्षा रुंद वाट रेडिओची. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. रेकॉर्डींची विक्री आणि श्रोत्यांच्या पसंतीची पत्रं यांवरून गाण्यांचा क्रम लागे. पुढे वर्षअखेरीचा कार्यक्रम हा तर सणच झाला. यंदा पहिल्या पायरीवर कोण, यावर पानाच्या ठेल्यांवर पैजा लागत. पुस्तकांच्या कुठल्या यादीसाठी मराठी माणसाने पैज लावल्याचं मला आठवत नाही. पुस्तकं आणि संगीत एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारण्याची रीतही रेडिओचीच. बीबीसीवर १९४२ पासून चालत आलेल्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'मध्ये पाहुण्याला निर्जन बेटावर न्यायच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडायच्या असतात, आणि सोबत एक पुस्तक. आठाला एक, हे प्रमाण खापरला अगदी लागू पडतं.

खानदेशात पुस्तक आणि गाणं यांची ताटातूट कधी नीट झालीच नाही, असं माझं मत आहे. १९५२ हे साल पाहा. त्या साली अमळनेरला कृ. पां. कुलकर्णींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं, आणि त्याच साली आदल्या डिसेंबरात वारलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने आली. स्वतः अक्षरओळख नसलेल्या बाईच्या ओव्या मुलाने आणि त्याच्या मावसभावाने टिपून ठेवलेल्या, आणि आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहून त्यांना महाराष्ट्रापुढे उभं केलेलं. त्या वर्षातलं खानदेशचं सर्वांत मोठं पुस्तक म्हणजे आधी जात्यावर आणि शेतात म्हटलेलं गाणं होतं. पुढे १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांच्या चालींवर ते पुन्हा गाणं झालं. अशा पुस्तकाला वाचलेल्यांत घालायचं की ऐकलेल्यांत? लेखिकेने दोन्हीकडे घातलं आहे.

खापर ज्या जिल्ह्यात आहे त्या नंदुरबारकडे वळलं की हा प्रश्न आणखी टोकदार होतो. इथल्या भाषांची पहिली मोठी छापील नोंद ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीत झाली. भिल्ल भाषांचा तो भाग १९०७ चा. तिथे भाषा नमुना म्हणून येते, व्याकरणाच्या तक्त्यात बसवलेली. त्या भाषेतला माणूस आपलं म्हणणं घेऊन पुस्तकात यायला पुढची ऐंशी वर्षं जावी लागली. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांनी आदिवासींच्या जमिनी आणि मजुरीचे प्रश्न हाती घेतले, आणि 'मागोवा' या डाव्या गटातली शिकलेली तरुण मुलं पुण्या-मुंबईची पुस्तकं बाजूला ठेवून तिथल्या श्रमिक संघटनेत आली. त्याच चळवळीत वाढलेल्या वाहरू सोनवण्यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ साली आला. त्यातली 'स्टेज' ही कविता आता महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे. आपल्याच दुःखाबद्दल दुसऱ्यांनी मंचावरून बोलावं आणि आपण खाली बसून ऐकावं, यावर ती नेमकं बोट ठेवते. मराठी वाचकाने वाचायच्या आदिवासी पुस्तकांत 'गोधड' पहिलं. लेखिकेच्या वर्गात ते वर्षात सर्वांत जास्त वेळा मागितलं गेलेलं पुस्तक ठरलं याचं मला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते याचं की मुलींनी ते कविता म्हणून मागितलं नाही. त्यांना त्यातले भिली शब्द छापलेले पाहायचे होते. आपल्या घरातला शब्द छापील अक्षरात दिसतो, ही बाब शहरी वाचकाला इतकी सवयीची आहे की तिच्यात सुख असतं हे त्याच्या लक्षातही येत नाही.

गाण्याचं इथे वेगळंच आहे. याहामोगी आणि राजापांठा या आदिवासी दैवतांच्या कथा गाऊन सांगितल्या जातात. महाशिवरात्रीला सीमेपलीकडे सागबारा तालुक्यात देवमोगराची जत्रा भरते, तिकडे जाणारी गर्दी खापरच्या रस्त्यावरून लोटते आणि जाताना गाते. काठी गावची राजवाडी होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. अंगावर राखेची नक्षी, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला सुकलेले दुधी भोपळे आणि घुंगरं. ढोल प्रचंड असतो हे सगळेच सांगतात. पण लेखिकेने टिपलेली गोष्ट दुसरी आहे : जवळ उभं राहिलं तर ढोलाच्या आधी ते भोपळे आणि घुंगरं ऐकू येतात, कारण नाचणाऱ्याचा पाय उचलला की ठेका कमरेतून सुरू होतो आणि ढोल त्याला येऊन मिळतो. हे खरं की कानाचा भास, हे वाजवणाऱ्यांनाच विचारायला हवं. पण संगीतावर लिहायचं ते असं.

जत्रा आणि होळी यांच्या पलीकडे रोजचं संगीत आहे, आणि ते बाजारात मिळतं. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की दुकानदार गाणी भरून देतो. टिमली पाहिजे, रोडाली पाहिजे, की नवी हिंदी, एवढंच विचारतो. लग्नातल्या बँडवर वाजलेली रोडाली कुणीतरी फोनवर मुद्रित करतं, ती यूट्यूबवर चढते, तिथून उतरून कार्डात येते, कार्डातून पाड्यावर. रेंज नसलेल्या डोंगरातही ती वाजते, कारण कार्डाला रेंज लागत नाही. लेखिकेने अशाच भरून घेतलेल्या एका कार्डातल्या गाण्यांवर लिहिलेलं प्रकरण मला या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांना देहवाली पुरती येत नाही. मुली अर्थ सांगतात, एक सांगते, दुसरी खोडते, तिसरी हसते, आणि हसण्याचं कारण मॅडमना सांगायला कुणी तयार होत नाही. लेखिकेने ती जागा रिकामी ठेवली आहे, ओढूनताणून भरलेली नाही.

आता हे पुस्तक याच वेळी का. २०२४ हे संगीताच्या दृष्टीने फार तोट्याचं वर्ष. जानेवारीत चार दिवसांच्या अंतराने राशिद खान आणि प्रभा अत्रे गेले, फेब्रुवारीत अमीन सायानी, डिसेंबरात झाकिर हुसेन. पुस्तकांच्या बाजूला फेब्रुवारीत अमळनेरला बहात्तर वर्षांनी पुन्हा संमेलन भरलं, ९७ वं, अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्याच गावी त्याच दिवसांत वासुदेव मुलाटे यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलनही झालं. माहेर जवळ असल्याने लेखिका दोन्हीकडे फिरल्या, आणि त्यांच्या वर्षाच्या वाचनाचा मोठा भाग त्या दोन मांडवांतल्या गाळ्यांवरून आला. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शाळेत त्याचा फलक लागला. तो वाचणाऱ्या मुलींची भाषा मात्र आठव्या अनुसूचीतही नाही. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीहून अधिक भरले. देहवाली त्याच बेरजेत मिसळलेली. हा फरक लेखिका कुठेही ओरडून सांगत नाहीत, पण पान उलटताना तो जाणवत राहतो.

आणखी एक कारण आहे, ते यंत्राचं. डिसेंबर आला की आता स्पॉटिफायसारखी ॲप आपणहून आपल्याला आपलं वर्ष दाखवतात : इतकी मिनिटं ऐकलंत, हा गायक पहिला, ते गाणं दुसरं. मुलं ते चित्र स्टेटसवर ठेवतात. मोजणी बिनचूक असते. पण यंत्राला मोजता येतं ते त्याच्याकडून ऐकलेलं. कार्डातलं, बँडवरचं, होळीतलं, वसतिगृहात रात्री दिवे गेल्यावर मुलींनी एकमेकींना म्हणून दाखवलेलं त्याच्या हिशेबात येत नाही. म्हणजे यंत्राच्या लेखी खापरने वर्षभर जवळजवळ काहीच ऐकलं नाही. पुस्तकांच्या खपाच्या याद्यांचंही तेच. एक प्रत तीस जणींनी वाचली तर खप एकच. जे मोजलं जात नाही ते पुढे छापलं जात नाही, मुद्रित होत नाही, शिकवलं जात नाही. आवडीची नोंद माणसाने माणसाच्या हाताने ठेवण्याची गरज मला यासाठी वाटते. त्यात हौस आहेच, पण हौसेपुरतं हे काम उरलेलं नाही.

पुस्तकाचा पल्ला काय, हेही सांगायला हवं. ही खापरची सांस्कृतिक पाहणी नव्हे. अभ्यासकांनी तक्ते शोधू नयेत. हा एका वाचक बाईचा एका वर्षाचा हिशेब आहे, आणि तो महिन्यांनी लावलेला नाही. त्यांचं वर्ष जूनमध्ये शाळेबरोबर सुरू होतं, दिवाळीच्या सुट्टीत थांबतं, होळीला उसळतं आणि उन्हाळ्यात माहेरी जातं. कॅलेंडरचं २०२४ त्यांनी त्यातून फक्त कातरून घेतलं आहे. कादंबऱ्यांवरची टिपणं लांब आहेत. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आणि कृष्णात खोत यांचं 'रिंगाण' ही धरणाने उठलेल्या गावांची दोन पुस्तकं त्यांनी शेजारी ठेवून वाचली. हा तालुका सरदार सरोवराने उठवलेल्यांचा आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात गेली, मणिबेली त्यांतलं पहिल्या फळीचं. वर्गात रोझवा, रेवानगर अशा पुनर्वसन वसाहतींत आजोळ असलेल्या मुली आहेत. 'रिंगाण'मधली मागे जंगलात राहिलेली जनावरं वाचून दाखवली तेव्हा एकीने विचारलं, "मॅडम, त्यांना नवं गाव कुणी दाखवलंच नाही का?" टीकाकाराच्या दोन पानांत मावणार नाही एवढं त्या प्रश्नात आहे, आणि लेखिकेने त्याच्या पुढे काही लिहिलं नाही हे त्यांनी उत्तम केलं.

माझ्या दोन तक्रारी आहेत आणि त्या मी लेखिकेला सांगून इथे छापतो आहे. एक, न आवडलेल्याबद्दल त्या जवळजवळ गप्प आहेत. शेवटच्या रकान्यात 'नाही' असलेली पुस्तकंही वहीत होती. त्यांतली काही फार गाजलेली आहेत, आणि ती खापरच्या मुलींनी का परत केली हे वाचायला मला आवडलं असतं. सौजन्याने वाचकाचं नुकसान होतं. दुसरी तक्रार डीजेबद्दल. लग्नातल्या भिंतीएवढ्या स्पीकरांचा त्यांना राग आहे, कानांच्या दृष्टीने तो रास्तही आहे. पण त्यांच्या विद्यार्थिनी ज्यावर मनापासून नाचतात ते संगीत चार ओळींत उरकणं हे या पुस्तकाच्या स्वभावाला धरून नाही. चिपळूणकरांचा न्यायाधीश इथे मधूनच खुर्चीवर येऊन बसतो.

भाषेविषयी एक खुलासा. देहवाली शब्द देवनागरीत लिहिताना लेखिकेने मुलींच्या उच्चाराला प्रमाण मानलं आहे. अक्कलकुवा, मोलगी आणि धडगाव यांच्या बोलीत फरक आहे, आणि एकाच पाड्यावर आजी आणि नात वेगळं म्हणू शकतात. गाण्यांचे शब्द उतरवून घेतलेले नाहीत, फक्त आशय दिला आहे. शब्द ज्यांचे आहेत त्यांनी ते आपल्या नावानिशी छापावेत अशी लेखिकेची इच्छा आहे, आणि ती मला योग्य वाटते.

वाचकांना एक विनंती. ज्यांना देहवाली येते त्यांनी गाण्यांच्या अर्थांवरची पानं आधी वाचावीत, आणि चूक दिसली तर प्रकाशकांना कळवावी. मुलींनी ज्याचा अर्थ सांगायचं टाळलं ते गाणं कुणाला ओळखता आलं, तर तेही कळवावं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त्या जरूर घेऊ, पण हसण्याचं कारण छापायचं की नाही हे मुलींना विचारूनच ठरेल.